दादाच्या वाट्याची डिस्क

आमच्याकडे वाटणीचा एक नियम आहे. थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला स्वतःकडे झुकतं माप घालता येत नाही आणि धाकट्याला पुढे जन्मभर कुरकुर करायला जागा राहत नाही. मलकापूरकडच्या आमच्या गावात शेतं, बैल, भांडीकुंडी सगळं असंच वाटलं गेलं. पण कॉम्प्युटर कुणी वाटून घेतला असेल असं मला वाटत नाही. तो मान आमच्या घराण्याचा.

सुरतेत पांडेसऱ्याला पहिल्या मजल्यावर आम्हा दोघा भावांचं दुकान होतं. व्यापारी साडीचं चित्र घेऊन यायचा, आम्ही ते कॉम्प्युटरवर टाक्या-टाक्याने बसवून द्यायचो, आणि त्या फाइलवर कारखान्यातलं भरतकामाचं मशीन चालायचं. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. दादा, म्हणजे श्रीपत, कागदावर हाताने बुट्टी काढायचा. मी, प्रमोद, तिला टाके घालायचो. वडील उधना यार्डात रेल्वेत होते, त्यांच्या माघारी दादानेच मला या कामाला लावलं. माझी बायको शकू वारली त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मी जेवायला दादाकडेच. त्याची खोली आणि माझी खोली यांच्यात एक भिंत होती, आणि वहिनी पोळ्या झाल्या की त्या भिंतीवर लाटणं आपटायची.

मग जावयाचं निघालं. दादाची मुलगी पूजा कामरेजला दिलेली. तिचा नवरा विकास, त्याची नोकरी गेली. दादा म्हणाला, त्याला दुकानात बसवू, काम शिकेल. मी म्हटलं, त्याला सुईतलं आणि दोऱ्यातलं काही कळत नाही, गिऱ्हाईक पळतील. आता हे मी चारचौघांत म्हटलं, आणि त्या चौघांत विकासही बसला होता. जे बोललो ते खोटं नव्हतं, हे आजही सांगतो. पण जावयाला बोललेलं सासऱ्याला लागतं, आणि दादाला ते असं लागलं की त्याने पानावरून उठून हात धुतले आणि म्हणाला, "मंगलाआत्याला बोलाव. वाटे घालू."

मंगलाआत्या ही वडिलांची चुलतबहीण. आमच्या सगळ्या भानगडींना तीच साक्षीदार. ती दुकानात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि दादाने फरशीवर दोन वाटे मांडले. एकीकडे नमुन्याचं शिलाई मशीन, स्कॅनर, चित्रांचे गठ्ठे. दुसरीकडे कॉम्प्युटर, पडदा, टेबल आणि हे दुकान. भिंतीवरचा बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो कुणी वाटला नाही. ते जागेवरच राहिले. मी कॉम्प्युटरचा वाटा उचलला. मला दुसरं येतं काय?

आता झालं असं, की कॅबिनेटच्या आत डिस्क दोन होत्या. एक जुनी, लोखंडी, वजनदार, सुरू होताना खडखड करणारी. दुसरी नवी, पातळ, पत्त्याच्या डावापेक्षा जरा मोठी, अजिबात आवाज न करणारी. मशीन फार हळू झालं म्हणून नवी बसवून घेतली होती, आणि जुनी होती तिथेच ठेवली होती. दादा म्हणाला, "कष्ट दोघांचे, डिस्का दोन. एक माझी."

"त्यात काय हाये आता? डिझाइन तं तुले पेन ड्राइव्हवर देले सगळे," मी म्हणालो.

"असूदे. वाटणी म्हणजे वाटणी."

आत्यानेही मान डोलावली. कुणी एकाने दोन घेतल्या असं नको व्हायला. दादाने स्वतः पेचकस घेऊन कॅबिनेट उघडलं, जुनी डिस्क काढली आणि वहिनीच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली. संध्याकाळच्या आत कामरेजला, पूजाकडे जाण्यासाठी टेम्पो भरला. वहिनी जाताना माझ्या खोलीत डब्यात चटणी ठेवून गेली, आणि दादा मात्र टेम्पोत पुढे बसून समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. मीही जिन्यावर उभा राहून दुसरीकडेच बघत होतो. आम्ही भाऊ आहोत हे त्या दिवशी कुणालाही ओळखू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं नाव आलं, गेलं, आणि काळ्या पाटीवर पांढरी ओळ उमटली. सुरू होण्यासारखी डिस्क सापडत नाही, डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा. मी बटण दाबलं. तीच ओळ पुन्हा आली.

पहिला विचार मनात आला तो हा, की दादाने मुद्दाम काहीतरी करून ठेवलं. माझा स्वभावच तसा आहे, दुधाने तोंड पोळलं नसलं तरी मी ताक फुंकतो. मग मनालाच म्हटलं, त्या माणसाला मेल पाठवता येत नाही, तो काय करणार. पण राग काही लगेच उतरला नाही.

मशीन रुसलं की त्याला हात जोडून उपयोग नसतो, स्क्रू उघडावे लागतात. मी कॅबिनेट आडवं केलं. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं. सुरतेत कुठलंही मशीन बिघडलं की पहिला उपाय हाच. तीच ओळ. नव्या डिस्कची वायर काढून दुसरी लावली, मग दुसऱ्या जागी खोचली. तीच ओळ. मदरबोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढली, थोडं थांबून परत बसवली. घड्याळ मागे गेलं, ओळ तीच. मग सुरुवातीलाच बटण दाबून निळ्या पानात शिरलो, जिथे मशीनला काय काय जोडलंय ते दिसतं. तिथे नवी डिस्क दिसत होती. नावासकट, आकारासकट. म्हणजे ती मेलेली नव्हती. तिला मी पहिल्या नंबरला आणलं, जतन केलं, बाहेर आलो. तीच ओळ.

आहे आणि तरी सापडत नाही, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. वैतागून मी खुर्चीत मागे रेललो, आणि तेव्हा कळलं की दुकानात किती शांतता आहे. एरवी सकाळी ती जुनी डिस्क खडखड करायची, दादा घसा खाकरायचा, कागदावर पेन्सिल घासायचा. मला हे आवाज नेहमी नकोसे वाटायचे. आता खालून रंगाईच्या कारखान्याकडे जाणाऱ्या टेम्पोंचा आवाज येत होता, पण तो बाहेरचा. आतलं म्हणून काही उरलं नव्हतं.

जेवणाचंही तेच. मी खिचडी लावायचो. खिचडी एकट्यासाठी लावता येत नाही. कितीही कमी घ्या, ती उरतेच. संध्याकाळी पलीकडच्या खोलीत नवे भाडेकरू आले, ओरिसाकडचे, भले लोक. त्यांच्याकडे पोळ्या लाटायचा आवाज आला की मी उगीच भिंतीकडे बघायचो. मग स्वतःलाच शिव्या घालून ताट घ्यायचो.

व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. लगीनसराई तोंडावर, आणि फाइली त्या न दिसणाऱ्या डिस्कमध्ये. शेवटी कॅबिनेट रिक्षात घालून उधन्याला मगनभाईकडे नेलं. मगनभाई मूळचा भावनगरचा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त बोलतो. नवी डिस्क त्यानेच बसवली होती. त्याने माझं कॅबिनेट उघडलं, आत बोट फिरवलं आणि विचारलं, "बीजी क्यां छे?"

"दुसरी दादाकडे. वाटणीत गेली."

मगनभाई माझ्याकडे बघत राहिला. मग इतका हसला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"प्रमोदभाई, सुनो," तो डोळे पुसत म्हणाला. "नवी डिस्क बसवली, तेव्हा जुनी आतच होती. विंडोज टाकली नव्या डिस्कवर. पण मशीन सुरू करणारी छोटी फाइल असते ना, ती विंडोजने जाऊन जुन्या डिस्कवर लिहिली. असं होतं, दोन जातीच्या डिस्का एकत्र असल्या की होतं. मशीन रोज आधी जुनीला विचारायचं, कुठे जाऊ? जुनी सांगायची, नवीकडे जा. तुम्ही सांगणारीच काढून देऊन टाकली."

"म्हणजे नवी चांगली आहे?"

"एकदम. तिच्यात सगळं आहे. तिला उठवणारं कोणी नाही."

"आता?"

"आता काय, दादाकडून डिस्क घेऊन या. मशीन लगेच सुरू. मग मी ती फाइल नव्यावर लिहून देतो, दादाची डिस्क दादाला परत. कॅबिनेट राहू दे इथे."

मी दुकानातून बाहेर आलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. काम अडलेलं, गिऱ्हाईक खवळलेलं, आणि मी उधन्याच्या रस्त्यावर शीळ घालत चाललो होतो. कारण आता दादाला फोन करता येणार होता. कालपर्यंत केला असता तर तो मी केला असता, प्रमोदने, नमतं घेऊन. आता तो मशीनने करायला लावला होता. भावाला फोन करायला मशीन बिघडावं लागतं, हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पण निमित्त मिळालं ते मी सोडणार नव्हतो.

फोन वहिनीने उचलला. "जय भीम भाऊजी. कसे आहा? जेवले का नाई?"

"जेवलो. दादा हाये का?"

"हायेत. इथंच बसले. तुमचं नाव दिसलं तं फोन माह्या हातात देला." मग तिने आवाज खाली आणला. "तुमी कदी येऊन राह्यले इकडं?"

मी काही बोलायच्या आत फोन दादाकडे गेला. दादाने हॅलो म्हटलं नाही. फक्त श्वास ऐकू आला.

"दादा, कॉम्प्युटर चालू नाही होऊन राह्यला," मी म्हणालो. घरच्या माणसाशी बोलताना माझीही भाषा घरचीच होते. "मगनभाई म्हणतो, तुह्याकडची डिस्क लागते. तिच्यात सुरू करायची फाइल हाये."

"मी काई केलं नाई तिला."

"मी कुठं म्हटलं तू केलं? डिस्क लागते, एवढंच."

"डिस्क लागते," दादा म्हणाला. "बरं. रविवारी येऊन जाईन."

"चालते."

एवढंच. पण येऊन जाईन, असं तो म्हणाला होता. मी त्या दोन शब्दांवर आठवडा काढला. दुकान झाडलं. त्याची खुर्ची तो टेम्पोत घालायला विसरला होता की मुद्दाम ठेवून गेला होता, कोण जाणे. तिचा डुगडुगणारा पाय ठोकून घेतला. रविवारी सकाळी कोपऱ्यावरून ढोकळ्याच्या जातीचा गरम, मऊ लोचो आणायचा, वर कच्चा कांदा जास्त, कारण दादाला तसाच लागतो. विकासविषयी काय बोलायचं हेही ठरवलं. माफी वगैरे नाही. पण म्हणेन, बसव त्याला इथे, बघू. एवढं म्हटलं की दादाला पुरतं, त्याला मी ओळखतो.

आणि शनिवारी मगनभाईचा फोन आला. "प्रमोदभाई, आवी जाव. तुमचं मशीन सुरू झालं."

"डिस्क कुठे आलीये अजून?"

"जरूरतच नाही पडली. मला वेळ होता, म्हटलं बघू. पेन ड्राइव्हवरून चालू केलं, नव्या डिस्कवरच थोडी जागा काढली, तिथे ती फाइल नवी लिहून टाकली. आता ती आपली आपण उठते. दादाला तकलीफ देऊ नका."

माणूस मनाने चांगला आहे. त्याचा गळा धरावा असं मला वाटलं, हे त्याला कधी कळणार नाही. मी गेलो, कॅबिनेट घेतलं, आभार मानले, रिक्षात मांडीवर घेऊन आलो. दुकानात जोडून बटण दाबलं. सगळं झटकन आलं, साडीच्या काठावरचा अर्धवट मोर जिथे सोडला होता तिथेच. मी त्या मोराकडे बघत बसलो. गेले काही दिवस ज्यासाठी देव न मानणाऱ्या माणसानेही नवस केला असता, ते समोर चालू होतं, आणि मला ते बंद हवं होतं.

दादाला फोन करून सांगायला हवं होतं, की येऊ नको, झालं. सरळ माणसाने सांगितलं असतं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मग पेचकस घेतला, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि नव्या डिस्कच्या वायरची खिटी दाबून ती ओढून काढली. बटण दाबलं. काळ्या पाटीवर पांढरी ओळ आली. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी लोचो आणला, झाकून ठेवला. गॅलरीत दोन-तीनदा जाऊन आलो. शेवटी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी मुद्दाम पाठमोरा बसलो, पडद्याकडे तोंड करून, कपाळाला आठ्या घालून. अडलेला माणूस अडलेला दिसला पाहिजे.

"काका," आवाज आला, "डिस्क आणलीये."

दारात विकास उभा होता. हातात त्या पातळाच्या तुकड्यातली पुरचुंडी. मी त्याच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"दादा?"

"पप्पा खाली आहेत." त्याने चप्पल बाहेर काढली आणि आत येऊन उभा राहिला. "बाइकवर आलो आम्ही. म्हणाले, तू जाऊन ये."

"वर का नाही आला?"

विकासने पुरचुंडी टेबलावर ठेवली. तो सांगावं की नको या विचारात दिसला. "मी विचारलं. तर म्हणाले, त्याने डिस्क मागितली आहे, ती नेऊन दे. मला कुठे बोलावलंय?"

हे ऐकून मला आधी राग आला. कामरेजहून एवढ्या उन्हात येणार आणि एक जिना चढणार नाही. येतो म्हणणाऱ्याला ये म्हणायचं असतं का? हा याचा जुना आडमुठेपणा. लहानपणी वडिलांनी हाक मारल्याशिवाय हा ताटावर बसत नसे. मग तो राग ज्याच्यावर होता तो खाली उभा, आणि मी वर. त्यामुळे तो माझ्या मलाच गिळावा लागला. गॅलरी चार पावलांवर होती. मी जाऊन वाकून हाक मारली असती तर काम झालं असतं. पण मनात आलं, एवढा इथवर आला आहे, तर आता येईलच. जरा ढकललं की येईल.

"काय होतंय मशीनला, बघू का?" विकासने विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत तो कॅबिनेटपाशी उकिडवा बसला. झाकण मी काल घट्ट लावलंच नव्हतं. त्याने ते सरकवलं, आत बघितलं आणि वायर बाहेर घेतली. "काका, ही नव्या डिस्कची वायर. ही आपोआप निघत नाही. खिटी दाबून काढावी लागते."

तो माझ्याकडे बघत होता. चांगला चेहरा आहे मुलाचा, मी तोवर नीट बघितलाच नव्हता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. काम नसलेल्या माणसाचा चेहरा.

"मीच काढली," मी म्हणालो. "मशीन काल सुरू झालंय. दादा येईल म्हणून काढून ठेवली."

विकासने नजर खाली घातली. माझ्यावर हसायची संधी त्याला होती, आणि ती त्याच्या हक्काचीही होती. तो हसला नाही. ती वायर दोन बोटांत धरून बसून राहिला. मग म्हणाला, "लावू की नको?"

"नको. खाली जाऊन सांग, सुरू होत नाही म्हणावं. तूच ये म्हणावं."

"मला जमलं नाही, असं सांगू?"

"हो," मी म्हणालो, आणि म्हणताना माझी मान वर झाली नाही. सासऱ्यापुढे जाऊन मला जमत नाही म्हणायचं, तेही या दुकानात येऊन. मी त्याच्याकडे काय मागत होतो हे मला कळत होतं.

त्याने वायर हळूच आत सोडली. "सांगतो. पण काका, तुम्हीच आला असता खाली, तर…" पुढचं त्याने पुरं केलं नाही. चपला घालून तो उतरला.

मी पटकन लोचोवरचं झाकण काढलं. तो निवला होता, पण चालण्यासारखा होता. दादाची खुर्ची जरा पुढे ओढली. जिन्याकडे कान लावून उभा राहिलो. बराच वेळ कुणी आलं नाही, आणि तो बराच वेळ मला चांगला वाटला. म्हणजे बोलणं चाललंय, दादा आढेवेढे घेतोय, वहिनी असती तर तिने ढकललाच असता. मग पावलं वाजली. एकाचीच होती.

विकास दारातच थांबला. "पप्पा म्हणाले, डिस्क राहू द्या त्याच्याकडेच. माझा वाटा मी सोडला म्हणाले. मगनभाईने दोन्ही एकत्र बसवल्या की चालेल मशीन, त्याचं काम अडायला नको." त्याने जिन्याकडे मागे वळून पाहिलं. "आणि म्हणाले, आता त्याला परत फोन करावा लागणार नाही."

"असं म्हणाला?"

"हो. रागाने नाही म्हणाले, काका. चांगलं म्हणूनच म्हणाले."

ते मला कळत होतं. तेच तर होतं. धाकट्याचं अडतंय म्हटल्यावर दादाने लहानपणापासून जे केलं तेच केलं; हातातलं काढून दिलं. आणि त्याच्या-माझ्यात जी एक गोष्ट अडकून राहिली होती, तीही त्याने मोकळी करून टाकली. मी खोटं बोललो नसतो तर निदान डिस्क परत न्यायच्या निमित्ताने कामरेजला जाता आलं असतं. आता तेही नाही. दोन्ही डिस्का माझ्या, दुकान माझं, आणि दादाकडे जायला मला काही कारण उरलं नाही.

"थांब, लोचो तरी…" मी म्हणालो.

"पप्पा गाडीवर बसलेत. उन्हाचं त्यांना होत नाही." विकासने वाकून नमस्कार केला, मी नको नको म्हणेपर्यंत, आणि निघाला. खाली बाइक सुरू झाली. मी गॅलरीत आलो तेव्हा ती वळणापर्यंत पोचली होती. मागे दादा बसला होता, एक हात जावयाच्या खांद्यावर, डोक्याला रुमाल. कापडाच्या गाठोड्यांचा एक टेम्पो आडवा आला आणि तो पुढे गेला तेव्हा रस्त्यावर ते दोघे नव्हते.

मी तसाच अनवाणी जिना उतरलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. गाडी गेल्यावर कुणी मागे धावत नाही. खाली जिन्याच्या तोंडाशी चिंधाभाऊची चहाची गाडी असते. चिंधाभाऊ धुळ्याकडचा, अहिराणी बोलतो. तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "तुना दादा व्हता ना तो? कितला येळ बठेल व्हता आठे."

"हो."

"दोन चहा सांगात त्याने. एक पिधा. दुसरा म्हने ठेव, प्रमोद आते खाले येई." त्याने फडक्याने कळकट फळी पुसली आणि एका कपाकडे बोट केलं. वर बशी झाकलेली होती. "पैसे बी दिधात. गरम करी देऊ का?"

बशी मी उचलली. चहावर जाड साय धरली होती, मधे सुरकुतलेली. बाकावर दादा जिथे बसला असेल तिथे मी बसलो.

"राहू दे," मी म्हणालो. "असाच पितो."